पट्टा प्रत

रविवारी दुपारी जेवणं उरकली, की दातांच्या डॉक्टरांच्या माडीवर चार-पाच माणसं आपापली लाडकी रेकॉर्ड काखेत धरून जमायची. तान्हं मूल आणावं तशी, पिशवीत पिशवी घालून गुंडाळून. आधी हात धुवायचे. मग रेकॉर्ड बाहेर काढून दोन तळव्यांत कडेने धरायची, उजेडाकडे तिरकी करायची आणि बाकीच्यांनी 'आहाहा' म्हणायचं. अजून सुई टेकलेलीही नसायची.

ऐकणं त्यानंतर. आणि ऐकणं म्हणजे तरी काय, गाणं सोडून बाकी सगळं ऐकणं! या प्रेसिंगमध्ये, म्हणजे कारखान्याच्या या छापात, हवा आहे, त्यात नाही. हिचा खर्ज पोटात उतरतो, तिचा गुडघ्यापर्यंतच येतो. मागची शांतता कशी काळीभोर आहे बघा. समोर बाई जीव तोडून गातेय आणि हे शांततेचा रंग बघत बसलेत. जुन्या रेकॉर्डची जाड, जड, नवी आवृत्ती निघाली, जिला ते रीइश्यू म्हणतात, की मग विचारूच नका. नव्या सुनेला न्याहाळावं तसे सगळे तिच्याभोवती गोळा व्हायचे आणि पहिल्या कडव्याच्या आत तिच्यात खोट काढायचे.

दाराजवळच्या खुर्चीत चष्मेवाला बसायचा. चष्म्याच्या दुकानात समोर काउंटरवर मालक आणि मागच्या खोलीत हा, काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा. हात धुण्याची पाळी आली की तो सगळ्यांपेक्षा जास्त वेळ धुवायचा, नखांत काचेची पूड असायची म्हणून. त्याच्याकडे दाखवण्यासारखी रेकॉर्ड एकच होती. पण तेवढ्या एका रेकॉर्डवर त्याला त्या खोलीत खुर्ची मिळाली होती.

ती एका गायिकेची. गायिका मोठी, रेकॉर्ड तशी बेताची. पण पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी, अगदी कडेच्या खाचांत, एका माणसाचा आवाज राहून गेला होता. "थांबा, थांबा, पट्टा सुटला," असं तो म्हणतो आणि हसतो. मग अकॉर्डियन सुरू होतं. कंपनीतल्या कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे ते कापायचं राहिलं. गायिकेने आकाशपाताळ एक केलं आणि पुढच्या प्रतींतून ते वाक्य उडवलं गेलं. म्हणून ज्या रेकॉर्डमध्ये ते वाक्य आहे ती पहिली, अस्सल. शौकिनांत तिला नाव पडलं होतं पट्टा प्रत. कित्येकांना ती नुसती ऐकून माहीत होती, डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

चष्मेवाल्याने ती पहिल्यांदा माडीवर आणली तेव्हा भूमितीचे मास्तर म्हणाले, "हा कोण गाढव? साधा पट्टा बांधता येत नाही याला! अकॉर्डियनवाला की ऑफिसातला पट्टेवाला?" सगळे खो खो हसले. चष्मेवालाही हसला. पाहुण्यासारखा आलेला माणूस, यजमान हसले की तोही हसतो. तेव्हापासून त्या आवाजाचं नाव पट्टेवाला.

तो गाढव, तो पट्टेवाला, चष्मेवाल्याचा धाकटा भाऊ होता.

नेहमीचा वादक आजारी पडला म्हणून त्या दिवशी धाकट्याला बोलावणं आलं होतं. अकॉर्डियन जुनं, पट्टा सुतळीने शिवलेला. कव्हरवर त्याचं नाव नाही, नुसतं 'साथसंगत' असं छापलंय. पुढच्या वर्षी त्याच्या छातीने दगा दिला आणि तो गेला. दुसरं रेकॉर्डिंग कधी झालंच नाही. फोटो होते, पण फोटो आईला 'आई' म्हणत नाही. तसं ती रेकॉर्डही म्हणत नव्हती. पण निदान बोलत तरी होती.

हे चष्मेवाल्याने माडीवर कुणाला सांगितलं नाही. एकदा त्यांच्याबरोबर हसल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? पुढे पुढे तर त्याला वाटायचं, बरंच झालं. इथे तरी धाकट्याला दर रविवारी कुणी ना कुणी आठवतं, गाढव म्हणून का होईना. माणूस स्वतःची समजूत कशानेही काढू शकतो.

घरी गोष्ट वेगळी होती. घरी आई होती. एका कानाने बहिरी, चांगला कान स्पीकरला लावून बसणारी. धाकटा गेल्यावर कित्येक वर्षं रोज संध्याकाळी ती म्हणायची, "लाव रे त्याला." गाणं लाव, असं ती कधीच म्हणाली नाही. मग चष्मेवाला कडेवर सुई टेकवायचा. थांबा, थांबा, पट्टा सुटला. ते हसणं. हसता हसता शेवटी आलेला बारीकसा खोकला. की लगेच सुई उचलायची. "परत," आई म्हणायची. परत. पेटीतला स्वस्त प्लेअर, त्याची सुई खिळ्यासारखी. दिवसभर काच घासून पोट भरणारा माणूस, घासलेल्या वस्तूचं काय होतं ते ह्याला कळू नये! पण आई समोर बसलेली असताना कुणाला काय कळतं?

कळलं ते माडीवर. एकेका वेळेला सुई किती खाते, हे डॉक्टरांनी एका रविवारी समजावून सांगितलं. त्या दिवसापासून चष्मेवाल्याने हात आखडला. आठवड्यातून एकदा, नंतर महिन्यातून एकदा.

"माझ्याच पोराचा आवाज आणि तो रेशनवर?" आई कडाडली. "तुझ्या बापाने तरी मला इतकं मोजून दिलं नव्हतं कधी काही."

"अगं, झिजतोय तो."

"मी नाही का झिजत?"

बायको म्हणाली, "अहो, फोनवर घेऊन ठेवा की. कटकट मिटेल." त्यावर हा महाशय काय म्हणाला? "फोनमध्ये आवाजाचं मढं होतं. नक्कल ती नक्कल." हे वाक्य डॉक्टरांचं. माडीवर सगळेच असं बोलायचे. ज्यांच्या घरी एकेका गाण्याच्या चार-चार प्रती, त्यांना असं बोलणं शोभतं. ह्याच्याकडे जगात एक भाऊ, एका रेकॉर्डवर, एका वाक्यापुरता. आणि तो वाचवायचं सोडून हा उसनी ऐट मिरवत बसला. फोनवर घेतलं नाही ते नाहीच.

तशात एका रविवारी डॉक्टरांनी जाहीर केलं की त्या रेकॉर्डचा रीइश्यू निघतोय. कंपनीकडच्या मूळ टेप केव्हाच सडून गेल्या होत्या, म्हणून चांगल्या प्रतीवरून नवी बनवायची. गाणी डॉक्टरांच्या प्रतीतून घ्यायची. ती नंतरची, पण कोरी करकरीत. आणि सुरुवातीचं वाक्य चष्मेवाल्याच्या प्रतीतून.

"पट्ट्याशिवाय काढली तर लोक चपला मारतील," मास्तर म्हणाले. "चष्मेवाले, तुमचा पट्टेवाला आता घरोघरी जाणार!"

चष्मेवाला त्या दिवशी घरी जवळजवळ पळत आला. "आई, नवी येतेय त्याची. जाड, मजबूत. हवी तितक्या वेळा लाव. झिजली तर दुसरी आणू."

आईने चांगला कान त्याच्याकडे केला. मग म्हणाली, "मी झिजून संपायच्या आत येईल ना?"

"येईल गं."

"बघ हं. मला आता बाकी कशाची हौस राहिली नाही."

रेकॉर्ड गेली. डॉक्टरांनीच ती नवी बनवणाऱ्या साउंडवाल्याकडे पोचवली. चष्मेवाल्याला दुकानातून रजा मिळाली नाही. घरात आवाज नाही तो नाहीच. आई तरीही संध्याकाळी खुर्ची प्लेअरकडे वळवून बसायची, झाकण बंद असलं तरी. कुणी विचारलं तर म्हणायची, "येईल आता बरा होऊन," जसा काही तो दवाखान्यातच गेलाय.

आणि तो रविवार उजाडला. माडीवर नव्या रेकॉर्डींचा गठ्ठा होता आणि पाहुणा म्हणून साउंडवालाही होता. तिशीतला, दाढीवाला, बोलायला गोड. डॉक्टरांनी वरचा प्लास्टिकचा पापुद्रा दात कोरायच्या हत्याराने अलगद चिरला. मास्तर म्हणाले, "भूल देऊन काढा हो, ओरडेल बिचारी." डॉक्टरांनी सुई टेकवली. नेहमीची खरखर नाही, तडतड नाही. काळीभोर शांतता. आणि मग खोलीच्या मधोमध एक माणूस बोलला.

"थांबा, थांबा, पट्टा सुटला." आणि तो मोकळेपणाने हसला.

"अरे बाप रे!" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "समोर उभा आहे हो! दात मोजून घ्या, डॉक्टर!"

आवाज स्वच्छ होता, ऊबदार होता, ओठ सुटे झाल्याचंही ऐकू येत होतं. आणि तो धाकट्याचा नव्हता.

"हा कोण?" चष्मेवाला म्हणाला.

"शू," डॉक्टर म्हणाले. "गाणं सुरू झालंय."

माडीचा नियम होता, रेकॉर्ड वाजताना बोलायचं नाही. आणि चष्मेवाला गप्प बसला! भावाच्या तोंडात परक्याची जीभ घातलेली आणि हा शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून सगळी बाजू संपेपर्यंत बसून राहिला. बाई गात होती. बाकीचे डोळे मिटून मान हलवत होते. त्याला वाटत होतं, आपलंच चुकत असेल. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा धड ऐकू आलं, म्हणून वेगळं वाटत असेल. त्याने मनात धाकट्याचा आवाज काढून या आवाजाशेजारी ठेवायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी हाच आवाज मोठा होता.

सुई उचलली गेली, चहा आला. चष्मेवाल्याने कपाला हात लावला नाही. साउंडवाल्याला म्हणाला, "तो आवाज कुणाचा?"

साउंडवाला खुश झाला. "ओळखलंत! काका, मानलं तुमच्या कानांना. दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नसतं. तो मीच."

"म्हणजे?"

"म्हणजे मीच बोललो, जुना मायक्रोफोन लावून. तुमच्या प्रतीत तिथे काही उरलंच नव्हतं. गाणं छान आहे हो तुमचं, पण गाण्याआधीची तेवढी पट्टी पांढरी पडलीये. कुणीतरी तेवढंच हजारदा वाजवलंय. मला तर कळेना, गाणं सोडून तेवढंच कोण वाजवेल? काय म्हणतोय तेही लागेना. शेवटी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, 'पट्टा सुटला म्हणतो आणि हसतो.' म्हटलं, मग सोपं आहे."

"खोकतो," चष्मेवाला म्हणाला.

"काय?"

"हसतो आणि मग खोकतो. तो माझा भाऊ होता."

कुणीतरी चमचा बशीत ठेवला. सगळ्यात आधी डॉक्टर सावरले. सावरणारच. लोकांच्या तोंडात हात घालून आयुष्य गेलेलं.

"अरे, मग आधी सांगायचं नाही का!" ते म्हणाले. "कव्हरवर छापलं असतं! केवढी मोठी गोष्ट आहे ही!"

"तुम्ही गाढव म्हणत होता त्याला."

"ते काय, प्रेमाने," मास्तर पुटपुटले.

साउंडवाल्याचा चेहरा मात्र पडला होता. तेवढा एकच माणूस त्या खोलीत शरमला. "काका, देवाशपथ, मला कुणी बोललंच नाही."

"मूळचं आहे तुझ्याकडे? माझ्या रेकॉर्डवरून घेतलेलं, जसंच्या तसं?"

"आहे. पण..."

"लाव."

त्याने लॅपटॉप उघडला. वाळू चाळल्यासारखी खरखर आली आणि संपली. "ऐकू आलं?" त्याने विचारलं. "परत लावतो." परत खरखर. "काका, रागावू नका, पण तुम्हाला घरी यात ऐकू येत होतं ते तुम्हाला माहीत होतं म्हणून. कान भर घालतो. आवाज तर केव्हाच गेलाय."

चष्मेवाला स्पीकरजवळ उकिडवा बसला, आई बसते तसा कान लावून. तिसऱ्यांदा लावल्यावर त्याला ऐकू आलं. वाळूच्या खालून, लांबून: थांबा, थांबा. त्याने कान आणखी जवळ नेला. आणि दुसऱ्याच क्षणी त्याला कळलं की हा आवाज साउंडवाल्याचा आहे. कानाने भर घातली होती, पण आता त्याच्याकडे भर घालायला हाच आवाज होता. धाकटा इतकी वर्षं रेकॉर्डमध्ये नव्हताच, तो ह्याच्या कानात होता. आणि आज भर दुपारी, चहा-बिस्किटांच्या साक्षीने, तिथूनही त्याला हुसकून लावला होता.

"ही तुझी हक्काची प्रत," डॉक्टर नवी रेकॉर्ड त्याच्या हातात कोंबत म्हणाले. "आणि ही तुझी जुनी. जपून ठेव हो, पट्टा प्रत ती पट्टा प्रत. वाजो न वाजो."

वाजो न वाजो! जिन्यावरून उतरताना चष्मेवाल्याच्या मनात आलं, मागे फिरावं आणि एकेकाच्या श्रीमुखात द्यावी. पण मग स्वतःच्या किती द्याव्या लागल्या असत्या? त्या खोलीत कुणी त्याच्या भावाचा आवाज वाजवून वाजवून खाल्ला नव्हता. तो त्याने आणि आईने खाल्ला होता, रोज संध्याकाळी, मायेने. वाचवायची संधी होती तेव्हा ह्यानेच नाक मुरडलं होतं. माणसाने शिव्या तरी कुणाला घालाव्यात?

आईला खरं सांगायचं, हे त्याने रस्त्यात ठरवलं. रेकॉर्ड बिघडली, निघालीच नाही, असं काही नको. सरळ सांगायचं.

आई केस विंचरून, खुर्ची वळवून तयार बसली होती. "आणलास?"

"आई, आधी ऐक माझं."

"ऐकायलाच तर बसलेय केव्हाची. लाव."

"अगं, त्यात ना..."

"लाव म्हटलं ना! बोलणं नंतर." तिने चांगला कान पुढे केला. डोळे मिटले. आणि ह्या भेकडाने झाकण उघडलं. त्याला वाटलं, तीच ओळखेल. पोटचा गोळा आहे, ओळखणारच. ती म्हणेल, हा कोण मेला, आणि मग आपल्याला काही सांगावं लागणार नाही.

थांबा, थांबा, पट्टा सुटला. हसणं. त्याने सुई उचलली.

बाहेर कुणाची तरी सायकल जिन्याला टेकली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"परत," आई म्हणाली.

त्याने परत लावलं.

"परत."

तिसऱ्या वेळी तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सुरकुत्यांत थांबलं. तिने हात पुढे केला, हवेतच काहीतरी चाचपलं, आणि चष्मेवाल्याचं मनगट सापडल्यावर ते घट्ट धरलं.

"खोकला नाही आला रे," ती म्हणाली. "ऐकलंस? एवढं हसला, पण खोकला नाही आला. छाती मोकळी झाली माझ्या बाळाची."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. तिला एका नजरेत सगळं कळलं असावं, कारण ती काही न विचारता आत निघून गेली.

"आई, हा..."

"काय?"

आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तो मेला? ते तिला माहीत होतं. की परत मेला? तिची बोटं अजून त्याच्या मनगटावर होती. इतकी वर्षं ती त्या खोकल्यापर्यंत ऐकत आली होती आणि दर वेळी तिथेच तिची संध्याकाळ संपत होती. आज ती पहिल्यांदा खोकल्याच्या पुढे गेली.

"काही नाही," चष्मेवाला म्हणाला. "छान आलाय."

"त्या लोकांना सांग, म्हातारी पाया पडते म्हणावं."

सोमवारी दुकानात जायच्या आधी, आई मोरीत असताना, त्याने जुनी काढली. एकदाच. आईच्या आवाजाशिवाय, कुणी 'परत' म्हणायच्या आत, धाकटा कुठे सापडतो का बघायचं होतं. त्याने आधी धाकट्याला नीट आठवलं. त्याचं दारातून आत येणं, त्याची अकॉर्डियनची पेटी, 'दादा, दहा मिनिटं झोपू दे ना' म्हणणं. चेहरा लख्ख आला. ओठ हलले. आवाज साउंडवाल्याचा. त्याने घाईने सुई टेकवली. वाळू सरकत गेली आणि गाणं सुरू झालं.

"ते नको लावूस!" मोरीतून आई ओरडली. बहिरी म्हातारी, पण ती खरखर तिला बरोबर ऐकू आली. "त्यात आजारी आहे तो. काढ ते. चांगलं लाव."

त्याने जुनी काढली, नवी ठेवली. आई ओले हात पदराला पुसत येऊन खुर्चीत बसली, कान पुढे केला. खोलीच्या मधोमध तो माणूस बोलला, स्वच्छ, धडधाकट, थांबा, थांबा, पट्टा सुटला, आणि हसला.

"थांबलेय रे," आई त्याला म्हणाली. "बांध तू सावकाश."